पाच खटके, दोन ठिपके

१

मोजणीदाराचं जे काही सापडलं ते एका घमेल्यात मावलं.

काल दुपारी चारचा सुरुंग उडाला तेव्हा तो दगडखाणीच्या तळाशी होता. आज सकाळपासून त्याची आई कार्यालयाच्या पायरीवर बसली होती आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होती, की सुनेने माझ्या पोराला खाल्लं. ऐकणारे मान हलवत होते, कारण ती जे म्हणत होती तेच कागदही म्हणत होता.

तो कागद मालकाने तपासनिसासमोर ठेवला. बोटभर रुंद पट्टी, तिच्यावर दोन काळे ठिपके आणि कडेला यंत्राने छापलेली वेळ, अगदी सेकंदांसकट. तपासनीस खाणींचे अपघात तपासणाऱ्या खात्यातला. लांब आणि हडकुळा. जे बाहेर काढायची कुणाची इच्छा नसे ते हा हलक्या हाताने बाहेर काढी, म्हणून खात्यात त्याला ‘कानकोरणं’ म्हणत. नाव आवडत नाही असं तो दाखवी. मनातून भारी आवडे.

या खाणीत फोन चालू देत नसत. सुरुंगाची टोपी विजेवर पेटते आणि हवेतून भरकटत आलेली एखादी लहरही तिला पेटवायला पुरते. म्हणून फाटकावरच सगळ्यांचे फोन काढून घेत आणि खाणीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर निरोप जाई तो उजेडाने. पूर्वेच्या काठावर दिव्याची खोली होती. तिथला झोत काठीसारखा सरळ आणि अरुंद निघून समोरच्या काठावरच्या नळकांड्यात शिरे. दिव्यापुढे लोखंडी झडप होती आणि झडपेला दांडा. दांडा ओढला की खटका वाजून एक लखलखाट पलीकडे जाई. नळकांड्यातला काचेचा डोळा तो टिपे आणि यंत्र पट्टीवर एक ठिपका छापी. दोन ठिपके म्हणजे रस्ता मोकळा, उडवा. पाच ठिपके म्हणजे माणूस खाली, थांबा. एवढीच भाषा. आणि दिव्यावर होती ती मोजणीदाराची बायको.

ती म्हणत होती मी पाच दिले. पट्टी म्हणत होती दोन.

मालकाने घड्याळाकडे बघत सांगितलं, की पोलिसांची गाडी चारला येईल, तोवर एक नाव लिहून द्या, म्हणजे आजचा सुरुंग चुकणार नाही. आमच्याकडे काही थांबत नाही, असं तो अभिमानाने म्हणाला आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. खाणीवरून ताणलेल्या तारेवर दगडांनी भरलेले डबे एकामागून एक डुलत चालले होते. पूर्वी सुरुंगाच्या वेळी हे थांबवावे लागत, पुन्हा सुरू करायला अर्धा तास जाई. महिन्यापूर्वी त्याने हे थांबवणंही बंद केलं होतं. घमेलं शेजारच्याच खोलीत होतं. त्याच्यावर कुणीतरी सिमेंटचं रिकामं पोतं टाकलं होतं.

नाव कुणाचं, असं तपासनिसाने विचारलं.

“कुणाचं म्हणजे? तिचंच,” मालक म्हणाला. “नवरा तिला गुरासारखा मारायचा. अख्ख्या खाणीला ठाऊक आहे.”

एवढं ठाऊक असून अख्ख्या खाणीने काय केलं, हे विचारायच्या फंदात तपासनीस पडला नाही. तो तिच्याकडे निघाला तेव्हा पायरीवरच्या म्हातारीने त्याची पँट धरली. फासावर चढेल ना ती, एवढंच तिला हवं होतं.

२

दिव्याची खोली चार पावलांची होती. दारावर चौकीदार बसवला होता आणि आत दिवेवाली मऊ फडक्याने दिव्याची काच पुसत होती. तपासनीस चक्रावला. खुनाचा वहीम असलेल्या बाईला काच पुसायला कुणी सांगितलं, असं त्याने विचारलं.

मालकांनी, ती म्हणाली. चारला दिवा कोण देणार? तिच्याएवढा कुणाचा हात बसलेला नाही. आज चारला देऊन मग गाडीत बसायचं, असं ठरलं होतं.

तिच्या उजव्या मनगटाला चिंधी बांधलेली होती आणि चिंधीच्या वरखाली हात फुगला होता. कसा लागला, असं त्याने विचारलं. पडले, ती म्हणाली. कशावर पडलात?

“त्याच्या हातावर,” ती म्हणाली आणि पुढची काच पुसायला घेतली.

मग तिने न रडता, भाजीचा भाव सांगावा तसं सगळं सांगितलं. नवऱ्याचं काम पाडलेल्या भोकांची खोली मोजायचं, त्यामुळे खाणीतून शेवटी वर यायचा तो. भोंगा वाजला की बाकीचे धावत वर येत. हा मुद्दाम खाली बसे. खिशातून कंगवा काढून केस विंचरे. मग मान वर करून खोलीकडे बघे आणि हाताची पाच बोटं पसरून दाखवी. कारण माणूस खाली असला की तिला पाच खटके द्यावेच लागत, आणि तो दांडा इतका जड होता, की प्रत्येक खटक्याला तिच्या मनगटात कळ जाई. ते मनगट पिरगाळणाराही तोच. अख्खी खाण खोळंबून राही आणि हा मजा बघे. माझी बायको बसलीय दिव्यावर, कोण उडवतोय बघू मला, असं वर येऊन म्हणे. एका महिन्यात अकरा वेळा.

“काल बारावी,” ती म्हणाली. “कालही त्याने पाच बोटं दाखवली. मी पाच दिले.”

“मग तिकडे दोन कसे पोचले?”

“ते तिकडच्यांना विचारा, साहेब. माझं काम इथपर्यंत.” तिने झडपेवर टिचकी मारली.

तपासनिसाला राग आला नाही, पण बाई मऊ नाही एवढं त्याने मनाशी लिहून घेतलं. माहेर नाही का तुम्हाला, असं त्याने उगाच विचारलं. आहे की, ती म्हणाली, बाबा इथेच मुकादम आहेत. चार वेळा ती नवऱ्याला सोडून बापाकडे गेली होती. चारही वेळा बापाने समजूत घालून तिला परत नवऱ्याच्या दारात नेऊन सोडलं.

“एकदा तर मुसळधार पावसात,” ती म्हणाली. “छत्री माझ्यावर धरली होती त्यांनी. स्वतः भिजले.”

यंत्राची परीक्षा घ्यायला तपासनिसाने चौकीदाराला पलीकडच्या काठावर पिटाळलं आणि तिला पाच खटके द्यायला सांगितले. तिने दांड्यावर हात ठेवला. क्षणभर थांबली, ओठ हलले, मग खटके दिले. एकेका सेकंदाला एक, घड्याळ लाजेल असे. देवाचं नाव घेतलं असेल, असं तपासनिसाला वाटलं. तिने असं चार वेळा केलं.

अर्ध्या तासाने चौकीदार धापा टाकत पट्टी घेऊन आला. चारही वेळा पाच ठिपके होते, स्वच्छ आणि ठसठशीत. यंत्र ठणठणीत होतं. म्हणजे खोटं माणूसच बोलत होतं, आणि बोलणारी समोर बसून काच पुसत होती.

३

पलीकडच्या काठावर सुरुंगवाल्याची दगडी चौकी होती. सुरुंगवाला म्हातारा. चाळीस वर्षांच्या धमाक्यांनी त्याचा एक कान गेला होता, दुसरा जायच्या वाटेवर होता. तोंडात दात नव्हते. मोजणीदाराचं नाव काढताच तो हिरड्या दाखवून हसला. त्याची कवळी एकदा मोजणीदाराने पळवून सुरुंगाच्या भोकात टाकली होती आणि सुरुंग त्याच्याच हाताने उडवून घेतला होता. धूर विरल्यावर त्याला सांगितलं. सगळे पोट धरून हसले. त्याला दुसरी कवळी करायला जमलं नाही.

“मेला ते झकास झालं,” सुरुंगवाला ओरडून म्हणाला. त्याला हळू बोलता येत नसे. “पण किल्ली मी पट्टी बघूनच फिरवली. दोन ठिपके आले, पाच अंक मोजले, फिरवली.”

म्हणजे वहिमात आणखी एकाची भर पडली. पण पट्टीवर ठिपके हाताने छापता येत नाहीत, हे तपासनिसाने यंत्र उघडून बघितलं होतं. आणि पाचातले तीन पुसायचे तर कागद फाटला असता. त्याने म्हाताऱ्याला खोदून खोदून विचारलं, काल वेगळं असं काय घडलं?

उशीर झाला, म्हातारा म्हणाला. भोंगा चारला संपतो. संपला की पाच-दहा सेकंदांत इशारा येतो. काल किल्लीवर हात ठेवून ठेवून त्याच्या हाताला मुंग्या आल्या. पट्टीवर वेळ होतीच, चार वाजून अडतीस सेकंद. नवरा खाली दिसला, बाई बघत राहिली असेल, असं तपासनिसाने स्वतःच उत्तर देऊन टाकलं. ठिपके कधी गळतात का, असंही त्याने विचारलं. गळतात की, म्हातारा हसला, एखाद-दुसरा. मग लाल बावटा हलवायचा, पलीकडून पुन्हा देतात. पण ती असताना नाही. तिचा बाप दिव्यावर असला की गळतात, हात कापतो त्याचा.

तो हसला म्हणून तपासनीसही हसला. हुशार माणसं हसण्यावारी नेतात तेच नेमकं कामाचं असतं, हे त्याला पंधरा वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात मुकादम स्वतःच हात जोडत आला. काल तो दिव्याच्या खोलीबाहेर उभा होता. पाच खटके त्याने आपल्या कानांनी ऐकले होते, पण बापाची साक्ष कोण धरतो? यंत्र बिघडलंय असं लिहा, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. जुनं यंत्र आहे, कुणाचाच दोष नाही. आणि मुलीचा हात तर फार सुरेख आहे. त्याच्या स्वतःच्या हाताला लय नाही, पण ती तोंडातल्या तोंडात मोजते आणि मग खटके देते. महिन्यात दोन दिवस तिचा हात फारच सुजला तेव्हा तो दिव्यावर बसला होता, अगदी फजिती झाली. बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं.

तपासनिसाचं लक्ष मात्र भिंतीवरच्या पाटीकडे गेलं. तिचा रंग नवा होता. ‘रस्ता मोकळा: दोन. माणूस खाली: पाच.’ खाली मुकादमाची सही आणि महिन्यापूर्वीची तारीख. त्याने नखाने रंग खरवडला. आत जुनी अक्षरं निघाली. ‘रस्ता मोकळा: सहा. माणूस खाली: दोन.’

का बदललं हे? मुकादमाने खाली बघितलं. पोरीचं मनगट, तो म्हणाला. तिने एकदा सांगितलं, बाबा, रोज सहा खटके झेपत नाहीत. तेव्हा रोजचा इशारा दोनाचा केला आणि क्वचित लागणारा पाचाचा. जावई मुद्दाम खाली बसून तो क्वचितचा रोजचा करील, हे कुणाच्या ध्यानात येणार? मालकांनाही आवडलं, कारण डबे चालू ठेवल्यापासून सहा खटके धडपणे जातच नव्हते, फार वेळ मोडायचा.

जावयाचा हात धरायचा सोडून या माणसाने पाटी रंगवली होती. तपासनिसाने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला शिसारी आली. पण त्याच क्षणी मुकादमाच्या शेवटच्या वाक्याने त्याच्या डोक्यात काहीतरी खटकलं. त्याने मुकादमाला दिव्याच्या खोलीत पाठवलं आणि मी बावटा हलवीपर्यंत पाच-पाचचे खटके देत राहा म्हणून बजावलं.

पट्टी सरकू लागली. पाच. पाच. पाच. पुन्हा पाच. मग यंत्राने तीन ठिपके छापले आणि ते गप्प झालं.

तपासनिसाने मान वर केली. झोत आणि नळकांडं यांच्या मधून दगडांनी भरलेला एक डबा डुलत चालला होता.

४

तीन वाजता त्याने सगळ्यांना कार्यालयात बोलावलं. मालक खुर्चीत, सुरुंगवाला चांगला कान पुढे करून, मुकादम दाराशी, दिवेवाली भिंतीला टेकून. म्हातारी पायरीवरून आत आली आणि सुनेकडे एकटक बघत जमिनीवर बसली. तपासनीस उभा राहिला. अशा वेळी तो नेहमी उभा राही.

“उजेड वाटेत कुणीही खाऊ शकतं,” तो म्हणाला. “वाढवू कुणीच शकत नाही. सगळं यातच आलं.”

मग त्याने लहान मुलांना सांगावं तसं समजावलं. जुन्या पाटीत मोकळा म्हणजे सहा होते. त्यातला एक जरी वाटेत गेला तरी पाच उरत, आणि पाचाला कुणी सुरुंग उडवत नसे. फार तर खोळंबा होई. ज्याने ती पाटी लिहिली तो शहाणा होता. धोक्याचा इशारा त्याने लहान ठेवला आणि मोकळा मोठा, म्हणजे उजेड कितीही गळला तरी धोक्याचा मोकळा होणार नाही. नव्या पाटीने नेमकं उलटं केलं. मोकळा दोन, माणूस खाली पाच. आता पाचातले शेवटचे तीन गिळायला काहीतरी वाटेत आलं, की माणूस खाली असतानाच रस्ता मोकळा होतो. आणि वाटेत येणारं काहीतरी मालकांच्या हुकमाने दिवसभर तारेवरून फिरत असतं. काल बाईंनी पाचच दिले. पहिले दोन पोचले, तीन डब्याने खाल्ले. सुरुंगवाल्याने जे बघितलं त्यावर किल्ली फिरवली. दोघांपैकी कुणीही खोटं बोललेलं नाही.

मग मालकाने घसा साफ केला. डबे चालू ठेवा एवढंच आपण म्हटलं होतं, तेही तोंडी. पाटी बदला असं कोण म्हणालं? पाटीवर आपली सही आहे का? त्याने हात असे झटकले, की दोन्ही तळवे सगळ्यांना दिसले.

सही एकाचीच होती. तपासनीस मुकादमाकडे वळला. डबा मधे येतो हे तुम्हाला ठाऊक होतं, तो म्हणाला, आणि तरी सकाळपासून यंत्र यंत्र करत राहिलात. स्वतःची कातडी वाचवायला पोटच्या मुलीला फासाखाली उभं केलंत.

मुकादमाने मुलीकडे एकदा बघितलं. ती चिंधीची गाठ सोडून पुन्हा बांधत होती. म्हातारी मात्र उठली, व्याह्यासमोर जाऊन उभी राहिली आणि त्याच्या तोंडावर थुंकली. त्याने पुसलंही नाही.

अहवाल लिहायला वीस मिनिटं लागली. पाटीत हयगयीने केलेला बदल, परिणामी मृत्यू, जबाबदार मुकादम. आजपासून सुरुंगाच्या वेळी डबे बंद आणि पाटी जुनी, असा हुकूमही त्याने खाली जोडला. मुकादमाला सात-आठ वर्षं तरी नक्की, असं त्याने मनात धरलं. काम चोख झालं होतं आणि त्याला भूक लागली होती. पुरावा म्हणून महिनाभराच्या पट्ट्या अहवालाला टाचायच्या, म्हणून तो त्या तारखेवार लावू लागला. लावता लावता त्याचा हात मंदावला, आणि मग थांबलाच.

५

महिन्याचे सव्वीस दिवस. दोन दिवस दिव्यावर मुकादम, आणि त्या दोन दिवसांत चार इशारे मोडके. कुठे पाचाचे तीन, कुठे दोनाचा एक. उरलेले चोवीस दिवस दिवेवाली, मधे अकरा वेळा पाचाचे इशारे. एकही मोडलेला नव्हता. मुकादमाच्या हाताला लय नाही, तिच्या हाताला आहे. ती असताना ठिपके गळत नाहीत. तोंडातल्या तोंडात मोजते आणि मग देते.

ती देवाचं नाव घेत नव्हती. डबे मोजत होती.

तपासनीस घड्याळ घेऊन बाहेर गेला. एका डब्यापासून दुसरा डबा झोतात यायला चाळीस सेकंद. झोत अडवून पार जायला चार. म्हणजे पाचातले नेमके शेवटचे तीन गिळले जावेत, तर डबा येण्याआधी बरोबर दोन सेकंद सुरुवात करायला हवी. चाळीस सेकंदांत असा एकच क्षण येतो. जिने महिनाभरात एकदाही डब्याला उजेड शिवू दिला नाही, तिचा काल त्या एका क्षणावर हात पडला. तोही अडतीस सेकंद थांबून.

तो खोलीत शिरला तेव्हा ती दांड्याला तेल घालत होती. चौकीदार गेला होता. आता ती मोकळी होती.

“काल तुम्ही अडतीस सेकंद थांबलात,” तो म्हणाला.

“माणूस खाली होता. बघत होते.”

“माणसाकडे नव्हतात बघत.”

तिने तेलाची कुपी ठेवली आणि पहिल्यांदाच सरळ त्याच्याकडे पाहिलं. “साहेब, मी काय पाठवलं?”

“पाच.”

“पाच म्हणजे काय?”

“माणूस खाली.”

“मग खोटं काय पाठवलं मी?”

खात्यातल्या कुठल्याच कलमात, खरा निरोप खऱ्या माणसाने चुकीच्या सेकंदाला पाठवला, असा गुन्हा नव्हता. मनगटाचं बापाला सांगितलंत तेव्हाच हे ठरलं होतं का, असं त्याने विचारलं. तिने चिंधीचं टोक दातात धरून गाठ आवळली आणि मनगट खरंच दुखतं, एवढंच म्हणाली.

“तुमचे वडील आत जातील. म्हातारे आहेत, परत येतील असं नाही.”

“फाटकापर्यंत मी येईन पोचवायला,” ती म्हणाली. “पाऊस असला तर छत्री धरीन.”

तपासनीस खाली आला तो जवळजवळ धावतच. मुकादम पोलिसांच्या गाडीजवळ दगडावर बसला होता, हातात कपड्यांची पिशवी. तपासनिसाने त्याला बाजूला घेतलं आणि अहवाल फाडायला खिशातून काढला. सगळं सांगायला सुरुवात केली, पण दोन वाक्यांतच त्याला कळलं, की हा माणूस काहीही नवीन ऐकत नाहीये.

“मी बाहेरच उभा होतो,” मुकादम म्हणाला. “भोंगा संपला, खटके येईनात. खिडकीतून बघितलं तर ती तारेकडे बघतेय, तोंडाने मोजतेय. खाली तो केस विंचरत होता. मला कळलं, साहेब. हाक मारायला भरपूर वेळ होता.”

“मग का नाही मारलीत?”

मुकादमाने पिशवीचे बंद बोटांभोवती गुंडाळले. चार वेळा तिला धरून परत पोचवलं, तो म्हणाला. काल म्हटलं, आपण मधे पडायचं नाही. यंत्र बिघडलं असं लिहा म्हणून पाया पडलो, तेवढं तुम्ही ऐकलं नाहीत. आता जे लिहिलंय ते खोटं आहे का? सही माझी नाही का? मग फाडता कशाला.

तपासनिसाने अहवाल पुन्हा वाचला. प्रत्येक शब्द खरा होता. त्याने तो घडी करून पोलिसांच्या हातात दिला आणि स्वतःची कधी नव्हती इतकी किळस त्याला आली. शहरात परत जायला दुसरं वाहन नव्हतं, म्हणून तो त्याच गाडीत पुढे बसला.

ती फाटकापर्यंत आली नाही. चार वाजत आले होते आणि मालकाचा सुरुंग चुकणार नव्हता. तारेवरचे डबे मात्र हुकमाप्रमाणे जागच्या जागी थांबलेले होते. रस्ता दिव्याच्या खोलीच्या मागून जात होता. गाडी तिथे पोचली तेव्हा भोंगा संपला आणि त्यापाठोपाठ, आता काही मोजायचं नसल्यामुळे, लगेच पहिला खटका वाजला. मागच्या बाकावर मुकादम मान खाली घालून ऐकत होता. बेडीतल्या हाताचं एकेक बोट तो मिटत होता. पाचांवर हात संपला, तेव्हा त्याने दुसऱ्या हाताचं एक मिटलं.

“सहा,” तो म्हणाला. “मनगट दुखत असेल तिचं.”